चौथ्या फेरीची खूण

"बाई, थांबलात तर बाद!" वळणावरच्या पंचाने शिट्टी मारली आणि तिने ब्रेकवरची बोटं सोडली.

झाडाखाली बाबागाडी होती. त्यातलं रडणं तिला लांबूनच कळलं होतं. शंभर पोरं एकदम रडली असती तरी आपलं तिने वेगळं काढलं असतं. नवरा बाटली घेऊन वाकला होता. तिची सायकल जवळून गेली तेव्हा त्याने नुसती मान हलवली. नाही.

ही पहिली फेरी. अजून तीन होत्या, आणि त्यानंतर पाच किलोमीटर धावणं.

ट्रायथलॉनमध्ये उतरण्याची हौस तिला आता उरली नव्हती. ती हौस पाच महिन्यांपूर्वीच, बाळासोबत, बाहेर पडली होती. पण सोमवारी रजा संपत होती. ती काम करत होती त्या एक्स-रे विभागातून फोन आला होता की आणखी वाढवून मिळणार नाही. आणि पाळणाघराच्या मावशींनी स्पष्टच सांगितलं होतं, "बाटली घेत असेल तर आणा. उपाशी पोर दिवसभर रडणार आणि मी ऐकत बसणार, हे माझ्याच्याने व्हायचं नाही."

बाळ बाटली घेत नव्हतं. वीस दिवस झाले होते. चमच्याने पाजलं तर फुर्र करून पाजणाऱ्यालाच आंघोळ घालत होतं.

"आईचा वास येतोय तोवर नाही घ्यायचं ते," सासूबाई फोनवरून म्हणाल्या. "तू घराबाहेर पड बघू." ती पडली. पहिल्यांदा जिन्यातून परत आली, दुसऱ्यांदा फाटकातून. तिसऱ्यांदा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेली, एवढीच काय ती प्रगती.

मग नवऱ्याने ही शर्यत शोधून काढली. "फोन न्यायचा नाही. बाहेरच्या माणसाला हात लावला तरी बाद. बघू आता कशी पळून येतेस."

"पळायचंच असतं की रे तिथे," ती म्हणाली होती, आणि कितीतरी दिवसांनी दोघं हसली होती. तिने अट मात्र घातली. सायकलच्या प्रत्येक फेरीला बाळ दिसलं पाहिजे. आणि दूध प्यायलं की रिकामी बाटली उंच धरायची.

सकाळी निघताना त्याने बाटलीला लावायचं, बाळाने चोखायचं आणखी एक रबरी बूच काढलं. पाचव्या कंपनीचं. "हे अगदी मऊ आहे. भोक आपण पाडायचं म्हणाला दुकानदार, सुई तापवून. म्हणजे धार आपल्याला हवी तेवढी ठेवता येते."

"मग पाड की."

तो सुई शोधायला लागला तेवढ्यात तिचा पोहण्याचा चष्मा सापडेना. तो सापडला तर बाळाने घातलेले कपडे ओले केले. तिघं घराबाहेर पडली तेव्हा उशीरच झाला होता.

तलावात तिने डोकं खाली घातलं आणि पाच महिन्यांत प्रथमच तिला काही ऐकू आलं नाही. फार बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली, आणि ती भराभर हात मारू लागली.

दुसऱ्या फेरीला रडणं वाढलं होतं. पाणी वाटणाऱ्या बाया वळून वळून पाहत होत्या. नवऱ्याचा शर्ट बाळाच्या लाळेने खांद्यापासून कोपरापर्यंत भिजलेला. तिच्या स्वतःच्या बनियनवरही दोन ओले गोल उमटले. शरीराला शर्यत बिर्यत काही कळत नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं की आपलं पोर भुकेलं आहे. ती दात-ओठ खात पायडल मारत राहिली. दुसरं काय करणार? थांबली तर सोमवारी पुन्हा हेच, फक्त ते रडणं तिला ऐकूही येणार नव्हतं.

तिसऱ्या फेरीला आवाज नव्हता. बाबागाडी एकटीच उभी. नवरा झाडामागे तिच्याकडे पाठ करून उकिडवा बसलेला. "काय झालं?" ती ओरडली. सायकल पुढे निघून गेली, उत्तर मागेच राहिलं. त्या फेरीत तिने जगातले सगळे अपघात बाळाला होऊन गेलेले पाहिले.

चौथ्या फेरीला तो रस्त्याच्या अगदी कडेला उभा होता. हात उंच, हातात बाटली, बाटली रिकामी.

ती हमसून रडायला लागली. पुढचे पाच किलोमीटर ती कशी धावली ते तिचं तिलाही कळलं नाही. मागून तिसरी आली आणि तीही हसत.

बाळ गाडीत झोपलं होतं. झोपेतच मधून एखादा हुंदका देत होतं.

"सगळं प्यायलं?"

"शेवटच्या थेंबापर्यंत," नवरा म्हणाला आणि तिचा घामेजलेला चेहरा टॉवेलने पुसू लागला. "तू जा सोमवारी. बिनधास्त जा."

तिने तिथूनच मावशींना फोन लावला. "घेतली हो बाटली! सोमवारी नऊला घेऊन येते."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" मावशी म्हणाल्या. त्यांनी असं काहीही म्हटलं नव्हतं, पण तिला त्यांचं ते बोलणंही गोड लागलं.

नवरा सायकल आणायला गेला. दुधाची बाटली तशीच ठेवली तर वास मारते, म्हणून ती बाटली घेऊन नळाशी गेली. झाडाजवळून जाताना बुंध्याशी माती ओली दिसली. तिने बाटलीत पाणी भरलं, बूच घट्ट बसवलं, खळखळून हलवली, आणि धार बघावी म्हणून उलटी धरली. मग ते नवं मऊ बूच दोन बोटांत दाबलं. पुन्हा, जोर लावून दाबलं.

एक थेंबही बाहेर आला नाही.