दोन खांबेटे मॅडम

पगार परवडेना म्हणून कॉलेजनं वृंदा खांबेटेंना घरी बसवलं होतं. आता वर्गातल्या पडद्यावर संगणकानं घडवलेली त्यांचीच बोलती प्रतिमा रसायनशास्त्र शिकवत होती. चेहरा तोच, आवाज तोच, समजावण्याची पद्धतही तीच. आज मात्र प्राचार्य दहिवलकरांनी वृंदाबाईंना तातडीनं बोलावून घेतलं.

"मॅडम, तुमची प्रतिमा मुलांना सांगतेय की दाखले काढा आणि दुसरीकडे प्रवेश घ्या, हे कॉलेज वर्षभरात बंद पडणार. तिला जरा समजवा."

"पण ते खरं आहे का, सर?"

"तास सुरू आहे, तुम्ही आधी वर्गात जा," दहिवलकर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

वृंदाबाई गोंधळलेल्या मनानं वर्गात गेल्या. पडद्यावरची बाई ओळखीचं हसली. "तुम्ही जे सांगितलं असतं, तेच मी सांगितलं," ती म्हणाली.

आपण खरंच सांगितलं असतं? संस्थेविरुद्ध वृंदाबाई कधी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. मुलं एकदा पडद्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. शेवटी पुढच्या बाकावरची मुमताज उठली.

"मॅडम, आम्ही कोणाचं ऐकायचं?"

प्राचार्य दारात येऊन उभे होते.

"तिचं ऐका," वृंदाबाई म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना अनोळखी वाटला.