नववा साक्षीदार

आठ साक्षीदार झाले आणि आठही वकिलाने मोडून काढले.

पियर्स थॉर्नहो एकवीस वर्षांपूर्वी, संत कॅथरिनच्या दिवशी जन्मला, एवढंच गावच्या बारा म्हाताऱ्यांनी शपथेवर सांगायचं होतं. चर्चच्या पोथीतलं जन्माच्या नोंदीचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. कुणी, ते सगळ्यांना माहीत होतं. आता म्हाताऱ्यांची आठवण हाच काय तो पुरावा. एकाचा त्या दिवशी घोड्यावरून पडून पाय मोडला होता. तो वाकडा पाय त्याने वर करून दाखवला. एकाच्या लेकीचा बाप्तिस्मा त्याच दिवशी, त्याच पाण्यात झाला होता. वकील प्रत्येकाला एकच विचारायचा, जमीन कुणाची कसतोस? थॉर्नहोंची, असं म्हणावंच लागायचं.

वकील लॉर्ड स्केलब्रुकचा होता. पियर्स सहा वर्षांचा असताना त्याचे वडील सर मार्मड्यूक लढाईत पडले आणि पोराचं पालकपण या स्केलब्रुकने दरबारातून मिळवलं. दोन्ही घराण्यांत तीन पिढ्यांचं वैर. कुंपणालाच शेत राखायला दिल्यावर व्हायचं तेच झालं. पोराला त्याने दूर आपल्या किल्ल्यात ठेवलं, इकडे थॉर्नहोंचं रान तोडून विकलं. आता राजगादीसाठी पुन्हा लढाई जुंपणार होती, आणि तो थॉर्नहोंच्या निशाणाखाली घरटी एक माणूस मागत होता. तेही सर मार्मड्यूक ज्यांच्याशी लढता लढता मेले, त्यांच्याच बाजूने. पियर्स एकवीस वर्षांचा, म्हणजे सज्ञान ठरला तर जहागीर त्याच्या हाती येऊन माणसं घरी राहणार होती. नाही ठरला तर सोमवारी निघायचं. यादीत डिकॉन मेंढपाळाचा एकुलता एक मुलगाही होता.

"ही सगळी खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं आहेत," वकील राजाच्या अधिकाऱ्याला म्हणाला. "थॉर्नहोचं नाव काढलं की थुंकेल असा एक जण आणा. त्याचं मी ऐकेन."

अधिकाऱ्याने लेखणी खाली ठेवली. त्यालाही ते पटलेलं दिसलं.

नववा डिकॉन होता. सांगायचं ते तो वाटभर मनात घोळवत आला होता. ते त्याने गिळलं. तो उठला आणि चर्चच्या फरशीवर थुंकला.

"मी थुंकतो," तो म्हणाला. "माझ्या भावाला, वॉटला, सर मार्मड्यूकने फासावर दिला. एका हरणापायी. मी टेकडीखाली उभा होतो. दोर ताणला आणि इकडे घंटा सुरू झाल्या. मुलगा झाला म्हणून. संत कॅथरिनचा दिवस होता. तो दिवस मी विसरेन, असं वाटतं तुम्हाला?"

बाकीचे अकराजण खाली बघू लागले. पिठाच्या गिरणीवाल्याने तोंड उघडलं, तसा शेजारच्याने त्याच्या पायावर पाय दिला. वकिलाने विचारलं, भावाची कबर कुठे आहे.

"फाशी गेलेल्या चोराला कबर कोण देतं, वकीलसाहेब?"

वकिलाने आपले कागद गुंडाळले. असा माणूस त्याने स्वतःच मागितला होता. अधिकाऱ्याने लेखणी उचलली आणि डिकॉनचा शब्द न् शब्द राजाच्या दप्तरात उतरवला. मग त्याने पियर्स थॉर्नहो सज्ञान असल्याचं जाहीर केलं. मागे उभ्या असलेल्या बायका रडायला लागल्या.

पियर्स खांबापाशी उभा होता. बाप क्रूर होता, हे स्केलब्रुकच्या घरात त्याला पंधरा वर्षं ऐकवलं गेलं होतं, आणि त्याने ते एकदाही खरं मानलं नव्हतं. आज बापाच्याच गावातल्या माणसाने शपथेवर तेच सांगितलं. तो सगळ्यांदेखत पुढे आला आणि मेंढपाळासमोर गुडघ्यांवर बसला.

"माझ्या वडिलांच्या वतीने मी माफी मागतो, डिकॉन."

म्हाताऱ्याचा जीव कासावीस झाला. एका वाक्याचं काम होतं. पण वकील अजून दारात उभा होता, हातमोजे चढवत, कान इकडे लावून. डिकॉनने पियर्सच्या डोक्यावर हात ठेवला.

"उठा, धनी. माफ केलं मी त्यांना."

माणसं पांगली. डिकॉनचा मुलगा बापाला घरी चल म्हणून हाक मारत होता, पण डिकॉन मागेच राहिला. आत वेदीजवळ सर मार्मड्यूकांची समाधी होती, वर त्यांचा दगडी पुतळा, हात जोडून निजलेला. डिकॉन कसाबसा तिथे टेकला. बायबलवर हात ठेवून खोटं बोलल्याची भीती त्याला वाटत नव्हती. त्याला लाज वाटत होती. घरून ठरवून आणलेली खरी आठवण आता तो त्या पुतळ्याला हळूहळू सांगू लागला. हरणाची चोरी खरी होती. वॉटच्या गळ्यात दोर पडला होता, तेही खरं होतं. पण घंटा वाजल्या आणि सर मार्मड्यूक नुसत्या सदऱ्यावर टेकडी चढून धावत आले, आणि 'मला मुलगा झालाय, आज कुणी मरायचं नाही,' असं म्हणत त्यांनी तो दोर आपल्या हाताने काढला.