वालाचा अर्क

पिंजऱ्यात डासांच्या चाळीस माद्या होत्या आणि चाळीसही जणींच्या पोटातलं रक्त पचून काळं झालं होतं. मला नेमकं उलटं हवं होतं. त्या रक्तात मी वालाचा अर्क मिसळला होता. वालातलं एक द्रव्य डासाच्या पाचकरसाला अडवतं. रक्त पचलं नाही, तर अंडीही धरत नाहीत.

"आणखी एकदाच करून बघ," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. "नाही जमलं, तर सोमवारपासून तू भातावरच्या तुडतुड्यांकडे."

त्या गेल्यावर शेजारच्या टेबलावरची अफरीन सरकत जवळ आली. "अर्क केलास कसा, ते सांग."

"वाल रात्रभर भिजवले. फडक्यात बांधून मोड आणले. कोमट पाण्यात टाकून सोलले आणि वाटले."

"अगं, हा प्रयोग आहे की बिरडं? खोबरं विसरलीस वाटतं!"

"हसू नकोस. आमच्या पेणला वाल असेच करतात."

"का पण?"

"का म्हणजे? नाहीतर ते पचत..."

मी जीभ चावली. अफरीन पोट धरून हसत स्टुलावरून उतरली. पाचकरसाला अडवणारं द्रव्य मीच मोड आणून घालवलं होतं.

"मॅडमना सांगू नकोस हं."

"डबाभर बिरडं आणलंस, तर बघू."

त्याच दुपारी मी कोरडे, कच्चे वाल मिक्सरमध्ये दळले, थंड पाण्यात अर्क काढला आणि नव्या चाळीस माद्यांना रक्तातून पाजला.

दोन दिवसांनी भिंग लावून मोजलं. छत्तीस जणींच्या पोटातलं रक्त अजून लाल होतं.