सातवी पायरी लाभाची

हरिदासनं रचलेल्या पायऱ्या लग्नाच्या होत्या. म्हणजे त्याच्या बिछायत केंद्रातल्या, नवरा-नवरीला स्टेजवर चढवायच्या. लाल कापडाच्या, तीन. त्यांच्यामागे लोखंडी टेबलं आणि विटा लावून त्यानं आणखी चार केल्या. कारंजा गावातल्या रिकाम्या प्लॉटवर चुन्यानं आखलेल्या घराचं दार जिथं येणार होतं, तिथंच त्या मांडल्या.

घर अजून कागदावरच होतं. खाली तळघर, त्यात भाड्यानं द्यायच्या सतरंज्या, खुर्च्या, भांडी. वर दोन खोल्या. जुनं गोदाम मालकाला दिवाळीपर्यंत परत हवं होतं. तीस वर्षांचा धंदा उघड्यावर टाकता येत नव्हता. आणि त्याच्या बायकोचा, सुलोचनाचा, डावा पाय लकवा मारल्यापासून नुसता फरफटत होता.

"अनुप, तळघर थोडंसं खाली दाब न बाबू," हरिदासनं इंजिनिअरला चौथ्यांदा विनवलं.

"काका, नियमच आहे. तळघराचं छत जमिनीच्या वर कमीत कमी तीन फूट पाहिजे, हवा-उजेडासाठी. त्याच्यावर स्लॅब, फरशी. सात पायऱ्या लागतीनच."

"मंग खुर्ची ढकलाले उतार करून दे."

"एका फुटाले बारा फूट उतार लागते. समोर तुमच्याजवळ जागा किती? दहा फूट."

तळघर गाळलं तर तीन पायऱ्यांत भागणार होतं. हरिदास महिनाभर तेच घोकत होता. तळघर ठेवावं तर बायको वर कोंडली जाणार, गाळावं तर दोघांनी खायचं काय? आज ती सात पायऱ्या चढली की सगळंच सुटेल, अशी वेडी आशा धरून त्यानं हा खटाटोप मांडला होता. उद्या नकाशा नगरपंचायतीत द्यायचा होता.

सुलोचनानं उजवा पाय लाल कापडावर ठेवला आणि डावा ओढून घेतला.

"लाभ," नत्थू मिस्त्री म्हणाला. पायऱ्या लाभ, तोटा, लाभ, तोटा अशा मोजायच्या आणि शेवट लाभावर आणायचा, हा त्याचा नेम. त्याशिवाय त्यानं आयुष्यात एक जिना बांधला नव्हता.

"आपल्या लग्नात कुठी होतं असं लाल कापड?" ती नवऱ्याला म्हणाली. हरिदासला हसू आलं.

"तोटा."

आता तिचे ओठ घट्ट मिटले होते. हरिदासचा हात तिच्या काखेत होता. भार सगळा त्याच्यावरच येत होता.

"लाभ."

चौथीवर उजवा पाय टेकला. डावा आलाच नाही. हरिदासनं वाकून तो हातानं उचलून ठेवला. पायरी तोट्याची होती. नत्थूची मोजणी थांबली. सुलोचनानं वरच्या तीन पायऱ्यांकडे पाहिलं, खाली पाहिलं. तिला वरही जाता येईना आणि खालीही येता येईना.

"जमते जमते," हरिदास म्हणाला. "रोज करशीन त जमन. नाई त मी उचलून नेईन तुले."

अनुपनं कागद घडी करायला घेतला. "काका, काऊन घाई करता? तळघराचा अजून दोन दिवस विचार करा."

"विचार कायचा करतं, बाबू?" सुलोचनानंच उत्तर दिलं. तिला धाप लागली होती, पण आवाज शांत होता. "लिवून टाक सात. एकदा हे मले उचलून वर नेतीन. उतरवाले चौघं येतीनच."

हरिदासनं तिची कंबर घट्ट धरली. नत्थू उगाच पुन्हा पहिल्या पायरीपासून मोजू लागला.