संकष्टीचा डबा

महिला तुरुंगाच्या फाटकावर झडती घेणाऱ्या वैजयंताने आपल्या वरिष्ठ खरातताईंचा डबा उचलून पाहिला आणि परत दिलाच नाही.

"ताई, आज संकष्टी. चंद्रोदयापर्यंत तुम्ही काही खात नाही आणि तुमची ड्यूटी पाचला संपते. मग हा चार कप्प्यांचा डबा कुणासाठी?"

"स्टाफच्या पोरींसाठी आणलाय गं. सोड आता."

वैजयंताने सगळ्यात खालच्या कप्प्यातल्या भातात चमचा खुपसला. तो मध्येच अडला. भाताखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मोबाइल होता.

ओळखीच्या माणसाचा डबा आधी उघडायचा, हे तिला पहिल्या दिवशी खरातताईंनीच शिकवलं होतं. वैजयंताने हातमोजे चढवले.

खरातताईंनी न सांगता चपला काढल्या, अंबाडा सोडला आणि त्या हात पसरून उभ्या राहिल्या.