बाहुल्यांची माळ

थंडी पडली की आई घडीच्या कागदातून तीन बाहुल्यांची माळ कापून खिडकीला लावायची: आई, लेक, बाबा. आई गेली, म्हणून यंदा कात्री बाबाने धरली. दिवसभर लोकांचे केस कापणारा हात तो. घडीवरूनही सफाईने फिरला आणि तिन्ही बाहुल्या सुट्या होऊन मांडीवर पडल्या.

"बाबा, गिऱ्हाईकाचं डोकं आहे का हे? घडी कापायची नसते. आईच्या बाहुल्या हात धरून असायच्या."

ओशाळून त्याने बाबा आणि लेक या दोन बाहुल्यांचे हात डिंकाने जोडले, माळ काचेला लावली. तिसरी बाहुली मात्र हातातच राहिली.

लेकीने ती घेतली, बाहेर जाऊन काचेच्या पलीकडून चिकटवली, पंजाला पंजा नेमका भिडवून.

"हात सुटलेला नाही, बाबा. मध्ये नुसती काच आहे."