हातची राखलेली खुबी

परळच्या गिरणीत स्वयंचलित माग आले आणि जुने माग नेपाळातल्या एका नव्या गिरणीला विकायचं ठरलं. त्या मागांबरोबर विणकर लवूची नोकरीही जाणार होती. ते चालवायला शिकण्यासाठी तिकडून धनबहादूर आला, आणि त्याला शिकवायचं काम लवूकडेच आलं.

"सगळा शिकवू नका," मालन नवऱ्याला म्हणाली. "एक खुबी हातची राखा. मगे थंय नेपाळात तुमकाच बोलवतले."

लवूने तसंच केलं. सूत नेणारा धोटा उडू नये म्हणून पट्टा कितपत ताणायचा, तेवढं सांगितलं नाही.

माग पाहायला नेपाळचा शेठ आला. त्याच्यासमोर धनबहादूरचा धोटा पुन्हा पुन्हा मागाबाहेर उडू लागला.

"शेठ, मी येतो ना चालवायला!" लवू पुढे धावला.

"शंभर मागांना शंभर मुंबईकर कुठून पोसू?" शेठने सौदा मोडला आणि धनबहादूरलाही तिथल्या तिथे कामावरून काढलं.

फाटकाबाहेर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला होता. त्या गर्दीतच धनबहादूर वाकून लवूच्या पाया पडला.



"माफ करा, काका. तुम्ही जीव ओतून शिकवलंत, मलाच जमलं नाही."